घरून धंद्याचं 'फुल परमिशन पॅकेज' : पाचपैकी अडीच स्टार, ते पण मुख्यतः एका काकांमुळे

एजन्सीचं नाव टाकत नाही, कोणी विचारू पण नका. एक तर भांडण नको, अन् दुसरं म्हणजे नागपुरात अशी ऑफिसं आता गल्लोगल्ली झाली आहेत, सगळ्यांच्या काचेवर तीच यादी चिकटवलेली असते, गुमास्ता, उद्यम, फूड लायसन, जीएसटी, पॅन, पासपोर्ट, रेंट अॅग्रीमेंट, आणि खाली लाल अक्षरात 'सर्व कामे खात्रीशीर'. त्यामुळे हा रिव्ह्यू एका ऑफिसचा कमी अन् त्या पॅकेजचा जास्त आहे असं समजा.

माझा धंदा म्हणजे मसाले, तिखट, हळद, पापड, आणि उन्हाळ्यात कुरडया-सरगुंडे. घर दक्षिण नागपुरात, स्वतःचं, नासुप्रच्या लेआउटमधलं, (नासुप्र म्हणजे नागपूर सुधार प्रन्यास), समोर सहा मीटरचा रस्ता. भिवापुरी मिरची कळमन्यातून आणायची, निवडायची, वाळवायची, दळायची, पाकिटं भरायची. बरीच वर्षं ओळखीपाळखीत, नातेवाइकांत, मुलाच्या शाळेतल्या मम्मी लोकांत विकणं चाललं. मग एका किराणावाल्याने माल ठेवायची तयारी दाखवली पण म्हणे ताई पाकिटावर फूड लायसनचा नंबर पाहिजे, नाहीतर इन्स्पेक्टर आला की माझी वाट लागते. त्याच सुमारास आमच्या लाइनीत एकाच्या घरी चालणाऱ्या फॅब्रिकेशनच्या कामावर तक्रार झाली अन् नोटीस आली, तेव्हापासून घरच्यांच्या डोक्यात एकच, की तुझं पण बंद करतील. सीझन तोंडावर होता, म्हणून म्हटलं पैसे गेले तर गेले, कोणीतरी एकाच जागी सगळं करून देईल तर बरं.

पॅकेज साडेसहा हजारांचं. व्हॉट्सअॅपवर त्यांनी यादी पाठवली होती त्यात उद्यम, गुमास्ता, फूड लायसन, 'महापालिका झोन एनओसी', साइट व्हिजिट, बोर्ड डिझाइन फ्री, आणि सगळ्यात शेवटी 'कमर्शियल मीटर सल्ला'. आता एकेक घेते, पण ज्यात सांगण्यासारखं काही नाही ते झटपट.

उद्यम, म्हणजे छोट्या धंद्याचं सरकारी रजिस्ट्रेशन. हे फुकट आहे हो. २०२० च्या १ जुलैपासून हे रजिस्ट्रेशन सुरू झालं, आधार अन् पॅन लागतं, कागद अपलोड करायची गरज नाही, सरकारी पोर्टलवर स्वतः भरलं तर एक रुपया लागत नाही आणि पोर्टलवरच तसं लिहिलेलं आहे. एजन्सीच्या पोराने माझ्यासमोर चहा पिता पिता भरलं, माझ्या मोबाईलवर ओटीपी आला, झालं. फक्त सांभाळायचं काय, तर गूगलवर शोधलं की सरकारी वाटणाऱ्या साइटा वरती येतात अन् त्या पैसे मागतात, तिथे जाऊ नका. प्रिंट मात्र त्यांनी जाड कागदावर रंगीत दिली, ते मान्य करते.

गुमास्ता. आपल्याकडे अजून सगळे गुमास्ता लायसनच म्हणतात, पण २०१७ च्या नव्या दुकाने व आस्थापना कायद्यात, मी केलं तेव्हा, दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर लायसन बियसन काही नव्हतं, फक्त सरकारला ऑनलाइन कळवायचं की मी अमुक पत्त्यावर अमुक काम सुरू केलं, 'एफ' नमुन्यात, धंदा सुरू झाल्यापासून साठ दिवसांत. त्याची पावती मिळते. कळवायचं असतं, परवानगी घ्यायची नसते. हे एजन्सीवाले सांगत नाहीत, 'आपलं गुमास्ता निघालं ताई, अभिनंदन' असा मेसेज येतो पेढ्याच्या फोटोसकट. बँकेत करंट अकाउंट उघडायला ही पावती कामी येते, तेवढं खरं. पण तुमच्या घरात तुम्ही ते काम करू शकता की नाही याच्याशी त्या पावतीचा काडीचा संबंध नाही, आणि पुढचं सगळं रामायण इथूनच सुरू होतं.

त्याच्या आधी फूड लायसनचं सांगून टाकते कारण ते काम त्यांनी खरंच चांगलं केलं. मी काढलं तेव्हा वर्षाची विक्री बारा लाखांपर्यंत असेल तर साधं रजिस्ट्रेशन पुरत होतं, वर्षाला शंभर रुपये सरकारी फी, फॉसकॉस नावाच्या पोर्टलवर. ऑफिसातल्या एका मुलीने माझ्याकडून नीट विचारून घेतलं की तुम्ही फक्त दळून पॅक करता का दुसऱ्याचं घेऊन विकता पण, पापडात काय काय घालता, पाणी नळाचं का बोअरचं. धंद्याचा प्रकार चुकीचा टाकला तर अर्ज परत येतो म्हणे, अन् तिने तो बरोबर टाकला. चौदा आकडी नंबर आला, मी लेबलवर छापला, किराणावाला खूश. या मुलीचा स्टार मी खाली वेगळा धरला आहे.

आता 'महापालिका झोन एनओसी'. माझे साडेसहा हजार मुख्यतः यासाठी होते, कारण घरच्यांची भीती हीच होती. बाकीचं सगळं आल्यावर मी विचारलं, ते झोनचं काय झालं, तर म्हणे होऊन राहिलं ताई, फाइल अंदर आहे. परत विचारलं, साहेब रजेवर आहेत. मग एक दिवस प्लास्टिकच्या फोल्डरात लॅमिनेट केलेला कागद हातात दिला. मी चष्मा लावून वाचला. तर ती माझ्याच घराच्या टॅक्स पावतीची रंगीत प्रिंट, मागच्या बाजूला गुमास्त्याची तीच पावती, अन् दोन्ही एकत्र लॅमिनेट. वर आमच्या मनपा झोन ऑफिसचं नाव होतं ना, म्हणून झोन एनओसी! मी म्हटलं भाऊ, हा टॅक्स तर आम्हीच भरतो, ही पावती माझ्या कपाटात आहे. तो म्हणतो, ताई कोणी विचारलं की हे दाखवायचं, कोणी पूर्ण वाचत नाही. बाप्पा! म्हणजे साडेसहा हजार यासाठी की समोरचा वाचणार नाही.

लॅमिनेशन मात्र पक्कं होतं, हळदीचा हात लागला तरी पुसता येतो.

मला राग आला पण त्याच पॅकेजमध्ये साइट व्हिजिट बाकी होती, ती मी सोडली नाही. आणि आला तो माणूस या सगळ्या ऑफिसात सगळ्यात कामाचा निघाला. साठीच्या पुढचे काका, पांढरा हाफ शर्ट, खिशात टेप, हातात कापडी पिशवी. आले तसे त्यांनी पाणी प्यायच्या आधी विचारलं, मंजूर नकाशा आहे का, आरएल लेटर, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र, आहे का. माझ्या नवऱ्याने सगळी फाइल काढून दिली. त्यांनी आधी नकाशा उलगडला, मग गेटबाहेर जाऊन रस्त्याला टेप लावला, समोरच्याच्या कंपाउंडपासून आमच्या कंपाउंडपर्यंत, कुत्रं भुंकत होतं तरी. मग आत येऊन म्हणाले, ताई तुम्हाला कोणती एनओसी पाहिजे होती?

मी लॅमिनेट दाखवलं. ते हसले पण नाहीत, बाजूला ठेवलं.

त्यांनी जे सांगितलं ते मी नंतर नेटवर नियम काढून ताडून पाहिलं, ते असं. पूर्ण राज्यात, मुंबई अन् काही ठिकाणं सोडून, डिसेंबर २०२० पासून एकच बांधकाम नियमावली आहे, यूडीसीपीआर म्हणतात तिला, नागपूर त्यात येतं. त्यात रहिवासी भागात काय काय चालतं याची यादी आहे. रस्ता किती रुंद त्यावर रहिवासीतला आर-१ प्रकार की आर-२ ते ठरतं, अरुंद रस्त्यावरचं घर आर-१ मध्ये, तिथे मोकळीक कमी, रुंद रस्त्यावर दुकानं वगैरे जास्त चालतात. आमचा सहा मीटरचा म्हणजे आर-१. पण आर-१ मध्येसुद्धा घरगुती व्यवसाय मुळातच चालतो. शिवण, भरतकाम अशी नावं घेऊनच लिहिलं आहे. अट काय, तर घरातल्या माणसांनी करायचं, पगारी मजूर ठेवायचा नाही, आणि मोटर वापरली तर एकूण लोड पाऊण किलोवॅटच्या, म्हणजे एक एचपीच्या, वर जायला नको. वकील, सीए, डॉक्टर यांना राहत्या घरात आपलं ऑफिस किंवा दवाखाना ठरावीक जागेपर्यंत चालतो, तो मुद्दा वेगळा.

तर एनओसी? काका म्हणाले, जे नियमातच बसतं त्याला वेगळी एनओसी कायले पाहिजे? वापर बदलायचा असेल, म्हणजे घराचं दुकान करायचं, वर्कशॉप करायचं, तर नगररचना विभागात नकाशासकट रीतसर अर्ज जातो आर्किटेक्टकडून. अन् परवानगी न घेता केलं तर १९६६ चा नगररचना कायदा आहे, त्याच्या कलम ५२ खाली तो गुन्हा होतो, त्या फॅब्रिकेशनवाल्याचं तेच झालं असणार. पण तुम्ही अटीत बसता का ते आधी पाहू द्या. बसत असाल तर कोणाकडून काही विकत घ्यायचं नाही, नसाल बसत तर मी काय अन् हे ऑफिस काय, कोणाचं लॅमिनेट वाचवणार नाही.

अन् मग ते थेट मागच्या वऱ्हांड्यात गेले जिथे माझं पल्वरायझर, म्हणजे दळायचं मोठं मशीन, ठेवलेलं होतं. वाकले, मोबाईलचा टॉर्च लावला, मोटरवर मिरचीची लाल पूड अन् तेल बसून पापुद्रा झालेला, तो त्यांनी किल्लीने खरडला. खालून पत्र्याची पट्टी निघाली.

"ताई, ही मोटर कोणी दिली?"

"इतवारीतून सेकंडहँड घेतली. का, खराब आहे का?"

"खराब नाही. दोन एचपीची आहे."

"तर?"

"तर नियमात एक लिहिलं आहे ना. बाजूवाल्याला मिरचीचा ठसका लागला अन् त्याने अर्ज दिला तर येणारा माणूस आधी ही पट्टी पाहील. तुमचा चेहरा पाहणार नाही, पट्टी पाहील."

मला हे वाक्य फार पटलं. ठसका हा विषय आमच्या लाइनीत खरा आहे, मिरची दळायच्या दिवशी समोरच्या आजी खिडक्या बंद करतात आणि दुसऱ्या दिवशी भेटल्या की खोकून दाखवतात. मग काकांनीच तोड सांगितली. मोठं मशीन काढा, घरघंटीएवढ्या एक एचपीवर हळद, धने, गरम मसाला असं थोडं थोडं घ्या, अन् मिरची बाहेर कांडपावर द्या, किलोमागे पैसे लागतील पण शेजारपण वाचेल. तसंच केलं. खर्च वाढला, खोटं कशाला बोलू, पण कांडपावरची मिरची उलट जास्त चांगली निघते, रंग टिकतो, आणि आजी आता पापड घ्यायला येतात. एकूण लोडचा मुद्दा आहे म्हणून मिक्सर अन् घरघंटी एकाच वेळी लावायची नाही असं मी घरात सांगून ठेवलं आहे, नियमाच्या दृष्टीने त्याला किती अर्थ आहे ते काकांनाच विचारा, पण एमसीबी तरी पडत नाही.

दुसरी अट पगारी माणसाची. माझ्याकडे सीझनला दोन बाया पापड लाटायला येत. काका म्हणाले घरातली माणसं म्हणजे घरातली माणसं, बाहेरच्या दोन आल्या की त्याला कारखाना म्हणायला किती वेळ लागतो. आता यावर माझं स्वतःचं मत असं की हा नियम ज्याने लिहिला त्याने कधी एप्रिलात कुरडयाचा चीक घोटलेला नाही, चार हात लागतातच त्याला. पण नियम नियम आहे. आम्ही मग पीठ मळून गोळे तोलून बायांच्या घरी देतो, त्या आपापल्या घरी लाटून वाळवून आणतात, मोजून पैसे. लिज्जतवाल्या बायका १९५९ पासून मुंबईत सुरू होऊन हेच करत आल्या, पीठ घरी न्यायचं अन् पापड आणून द्यायचे, त्यामुळे यात नवीन काही नाही. बायांना पण बरं पडतं, त्यांची पोरं घरी असतात. कुरडया मात्र तशा देता येत नाहीत, चीक खराब होतो, म्हणून कुरडया मी कमी केल्या, ज्यांना मिळाल्या नाहीत त्यांनी मला फोन करून बोलू नये.

काकांनी जाताना आणखी एक सांगितलं ज्याच्यासाठी त्यांना मी अर्धा स्टार एक्स्ट्रा दिला. लेखी काही पाहिजेच असेल ना, तर झोन दाखला अन् भाग नकाशा मागा. म्हणजे तुमची जागा विकास आराखड्यात कोणत्या वापरात दाखवली आहे, रहिवासी का हिरवी का रिझर्व्हेशनमधली, त्याचा कागद. तो खरा कागद, सहीशिक्क्याचा, मनपाच्या नगररचना विभागातून किंवा जिथे नासुप्रचा अधिकार आहे तिथे त्यांच्याकडून. अन् ही लोकसेवा हक्क कायद्यातली सेवा आहे, २०१५ चा कायदा, म्हणजे ठरलेल्या मुदतीत दिली नाही तर वर अपील करता येतं. मी अर्ज स्वतः केला. मिळाला, वेळ लागला पण मिळाला, फाइलला लावून ठेवला. कोणी हात पुढे केला नाही आणि मी पण केला नाही, हे मुद्दाम लिहिते कारण एजन्सीवाला म्हणून राहिला होता की 'वर खर्च' वेगळा लागतो.

आता ज्यांचं घर बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वरच्या पुढे आहे त्यांनी हे जास्त लक्ष देऊन वाचा. माझी मैत्रीण बेसाकडे राहते, ब्लाउज शिवते, चांगला धंदा आहे. तिला पण हेच पॅकेज विकत होते, त्याच यादीसकट, 'महापालिका झोन एनओसी'. अहो बेसा महापालिकेत येतंच नाही, तिथे बेसा-पिपळा नगरपंचायत आहे, वरून एनएमआरडीए, म्हणजे महानगर प्रदेशाचं प्राधिकरण, आहे! पत्ता विचारायची पण तसदी नाही. अन् तिचा प्लॉट गुंठेवारीतला, म्हणजे मंजूर लेआउटशिवाय तुकडे पाडून विकलेला, आरएल झालेलं नाही. काका म्हणाले तिच्यासाठी धंद्याच्या परवानगीचा विचार नंतर, आधी प्लॉट नियमित आहे का ते बघा, गुंठेवारीचा २००१ चा कायदा आहे, नंतर त्यात २०२० अखेरपर्यंतची बांधकामं घेतली, त्यात बसत असेल तर डिमांड, म्हणजे ते काढून देतील ती रक्कम, भरून आरएल घ्या. घरच कागदावर उभं नसेल तर आतल्या शिलाई मशीनला कोण काय परवानगी देणार. नागपूरकरांना नासुप्र, मनपा, एनएमआरडीए यांच्यात कोणाची हद्द कुठे संपते हे कळायला एक जन्म पुरत नाही, नासुप्र बरखास्त होणार या बातम्या वाचता वाचता आमची पोरं मोठी झाली, पण निदान ज्यांचा धंदाच हा आहे त्यांनी तरी हद्द पाहून पैसे घ्यावे ना?

फ्लॅटवाल्यांचं आणखी वेगळं. नात्यातली एक मनीषनगरात केक करते. तिथे अपार्टमेंट १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालचं आहे, आपल्याकडे बहुतेक तसेच असतात, तर तिथे घोषणापत्र आणि उपविधी काय म्हणतात ते आधी वाचायचं. महापालिका काही म्हणणार नाही पण सेक्रेटरी काका म्हणतील. तिने सरळ मीटिंगला केक नेला. लेखी संमती पण घेतली, फक्त केकवर भागवलं नाही.

मीटरचा सल्ला. यावर मला खरंच चीड आली. एजन्सीचा पोरगा म्हणे घरगुती मीटरवर धंदा केला तर चोरी धरतात, पाच हजार द्या कमर्शियल करून देतो. म्हटलं थांब. महावितरणच्या दरपत्रकात घरगुती दर कोणाला लागतो त्याची यादी असते, त्यात स्पष्ट आहे की राहत्या घराच्या एका भागात कोणी धंदा करत असेल आणि वापर महिन्याला तीनशे युनिटपर्यंत, मागच्या आर्थिक वर्षाचा एकूण छत्तीसशे युनिटपर्यंत असेल, तर त्याला घरगुतीच दर लागतो. वर्ष संपलं की तपासतात, वर गेला तर कळवून दर बदलतात. चोरी कुठून आली यात? आता नागपुरात एप्रिल-मे म्हणजे कूलर दिवसरात्र, आणि मसाल्या-पापडाचा सीझन पण तोच, त्यामुळे तीनशे ओलांडायची भीती खरी आहे. आमचं नशीब की वरच्या मजल्याचं मीटर दिराच्या नावाने वेगळं आहे, कूलर वरती आहेत, खालच्या मीटरवर स्वयंपाकघर अन् घरघंटी एवढंच. तुमचं एकच मीटर असेल तर मागची बारा बिलं काढून बेरीज करा, बिलावर मागच्या महिन्यांचे युनिट छापलेलेच असतात. एसएनडीएल या खासगी वीज कंपनीच्या काळातली जुनी भीती अजून लोकांच्या मनात आहे, ते २०१९ ला गेले, पण मीटर म्हटलं की नागपूरकर अजून दचकतो आणि हे लोक त्याचेच पैसे करतात.

बोर्ड डिझाइन फ्री होतं त्यात 'होममेड स्पायसेस' मोठ्ठं इंग्रजीत अन् खाली मुंगीएवढं मराठी. २०२२ पासून दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानाला पण मराठी पाटी लागते, देवनागरीत, आणि मराठी अक्षर दुसऱ्या भाषेपेक्षा लहान चालत नाही. लायसन काढून देणाऱ्याला हे माहीत नसावं? मी बोर्ड लावलाच नाही. माझं गिऱ्हाईक वासावर येतं.

जे द्यायला पाहिजे होतं अन् यादीतच नव्हतं ते म्हणजे वजनमापाचं. तुम्ही आधीच भरून, बंद करून पाकीट विकता म्हणजे तुम्ही पॅकर झाले, आणि २०११ च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमात पॅकरने नव्वद दिवसांत वैधमापनकडे नाव नोंदवायचं असतं. पाकिटावर नाव-पत्ता, निव्वळ वजन, सगळे कर धरून कमाल किंमत, कोणत्या महिन्यात भरलं, तक्रारीसाठी फोन नंबर, हे सगळं लागतं. अन् आपल्या काट्यावर शिक्का असायला पाहिजे, भाजीवाल्याचा असतो तसाच. हे मला किराणावाल्यानेच सांगितलं, एजन्सीने नाही. दुकानावर धाड पडते ती बहुतेक लेबलवरूनच म्हणे. तर ज्या पॅकेजला 'फुल' म्हणता त्यात हे नाही, आणि जीएसटी मात्र तीन वेळा सुचवला! वस्तूंची विक्री वर्षाला चाळीस लाखांच्या आत असेल अन् राज्यातच विकत असाल तर जीएसटी नंबर लागत नाही. घेतला की रिटर्न भरत बसा, आणि रिटर्न भरायचे दर महिन्याचे पैसे कोण घेणार, तर हेच लोक.

प्रोफेशनल टॅक्सचं तेवढं त्यांनी बरोबर सांगितलं, स्वतःचा धंदा असेल तर वर्षाला अडीच हजार, ते भरते.

पैसे परत मागितले का, तर हो. झोन एनओसीचे वेगळे धरून मागितले. मॅनेजर आधी म्हणे पॅकेजमध्ये तोडता येत नाही. मी लॅमिनेट टेबलावर ठेवलं आणि म्हटलं यावर जे नाव आहे त्या झोन ऑफिसात आपण दोघं जाऊ, तिथल्या साहेबांना विचारू हे काय आहे. मग दोन हजार परत आले, यूपीआयने, तिथल्या तिथे.

तर स्टार असे. उद्यम अन् गुमास्त्याला शून्य, कारण घरात बारावी झालेलं कोणी असेल तर बसल्या बसल्या होतं. फूड लायसनच्या मुलीला एक. काकांना दीड. बाकी बोर्ड, मीटर, लॅमिनेट सगळं मिळून वजा केलं असतं पण इथे वजा देता येत नाही.

जायचंच असेल कोणाला अशा ऑफिसात, तर पॅकेज घेऊ नका, साइट व्हिजिटचे वेगळे किती ते विचारा, हजार-दीड हजारात येतात. अन् येणारा माणूस कोण आहे ते आधी फोनवर बोलून घ्या. त्याने पहिल्या दोन प्रश्नांत मंजूर नकाशा, आरएल आणि रस्त्याची रुंदी विचारली तर बोलवा, आणि पहिल्यांदा आधारचा फोटो मागितला तर फोन ठेवा. आमचे काका आता त्या ऑफिसात नाहीत असं ऐकलं, स्वतःचं काम करतात म्हणे. नंबर इथे टाकणार नाही, त्यांनी नको म्हटलं आहे, आधीच फार फोन येऊन राहिले त्यांना.